मागची बाजू

महोत्सवासाठी आठवण लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि कौलारू इमारत, घंटा, गॅदरिंग सगळंच आठवलं. पण लिहायला बसले आणि जीवशास्त्राच्या बाईंपुढे गाडी सरकेना. त्यांचं नाव सांगायची गरज नाही. आपल्याकडे नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

थंडीतल्या अमावास्येच्या ओहोटीला बाई नववीला खडपावर न्यायच्या. वरच्या अंगाला कालवं, खालच्या कपारींत शेवाळ. ते आणून परातीतल्या पाण्यात पसरायचं, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलायचं, वर जुनं धोतर घालून रद्दीखाली दाबायचं. एकदा वर्गातल्या एकानं लाल शेवाळाचा इतका देखणा कागद आणला की आम्ही बघतच राहिलो. बाईंनी तो उलटा केला. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

“छान आहे रे. पण कुठे होतं? वर की खाली? ते नसेल तर हे नुसतं चित्र.”

पुढच्या अमावास्येला त्याला घेऊन बाई पुन्हा गेल्या. जागा सापडेपर्यंत पाणी चढायला लागलं होतं.

आज मी मेंदूतल्या ग्लुटामेट रिसेप्टरांवर काम करते. ग्लुटामेट म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन; रिसेप्टर म्हणजे तो निरोप टिपणारे पेशीवरचे रेणू. ग्लुटामेट मेंदूभर तेच, पण ते टिपणारे रिसेप्टर जागोजागी निराळे. एनएमडीए नावाच्या रिसेप्टरचा ‘२बी’ घटक पुढच्या मेंदूत भरपूर, तर ‘२सी’ मुख्यतः लहान मेंदूतल्या ग्रॅन्युल पेशींत. एमग्लुआर-६ हा आणखी एक रिसेप्टर तर डोळ्याच्या पडद्यात. आणि कायनेट रिसेप्टर? ते हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाच्या, ‘सीए३’ पट्ट्यात दाट. ज्या कायनिक आम्लामुळे ते ओळखले गेले, ते जपानात पूर्वी जंतांवर द्यायचे त्या लाल शेवाळातलं! १९८७ साली कॅनडात शिंपले खाऊन माणसं आजारी पडली, काहींची स्मरणशक्ती गेली. त्या शिंपल्यांतलं डोमोइक आम्ल याच रिसेप्टरांना चिकटतं, म्हणून घाव हिप्पोकॅम्पसवर बसला. हे सांगायला बाईंना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न, “ते जपानी शेवाळ कुठल्या किनाऱ्यावरचं गो?”

आता खडपाच्या त्या टोकावर बंधाऱ्याचे दगड आलेत. नव्या प्रयोगशाळेत शेवाळ पडद्यावर दाखवतात, असं भाची सांगते. सोय झाली असेल. मला मात्र रुचलं नाही.

बाईंनी जमवलेले कागद जुन्या स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटात असायचे. महोत्सवाच्या प्रदर्शनात मांडणार असाल तर कृपया भिंतीला चिकटवू नका. मागची बाजूही वाचता येईल असे टांगा.