सासूबाईंची होआस्का आणि खुब्याचं ऑपरेशन

अपघात विभागातल्या फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधे' असा रकाना होता. नवऱ्याने तिथे रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी लिहिली. आदल्या रात्री सासूबाईंनी होआस्का, म्हणजे त्यांच्या पंथातला विधीचा चहा, घेतली होती, ती त्याने लिहिली नाही. देवळात तीर्थ घेतल्याचं आपण तरी कुठे डॉक्टरांना सांगतो?

माझं सासर ब्राझीलियाचं. सासूबाई 'उनियाओ दो वेजेताल' या पंथाच्या. 1961 साली जुझे गाब्रियेल दा कोस्ता या रबराचा चीक गोळा करणाऱ्या माणसाने अॅमेझॉनच्या जंगलात तो सुरू केला. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी रात्री आठला सगळे जमतात आणि पेलाभर चहा घेतात. मारिरीची वेल ठेचायची आणि शाक्रोनाच्या पानांबरोबर तासन् तास उकळायची. बाहेरच्या जगात याच काढ्याला अयाहुआस्का म्हणतात. ब्राझीलमध्ये धार्मिक विधीत तो घ्यायला कायद्याची परवानगी आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी सासूबाई न्हाणीघराच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वेदनेने चेहरा पांढराफटक पडला होता. नर्स ट्रेमध्ये इंजेक्शन घेऊन आली. मी विचारलं, "कोणतं आहे?" ती म्हणाली, "ट्रॅमाडॉल." मी बी. फार्म. केलेलं आहे, म्हणून मी तिला थांबवलं आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

शाक्रोनाच्या पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. ते नुसतं पोटात गेलं तर आतड्यातलं आणि यकृतातलं एमएओ नावाचं एन्झाइम त्याचा निकाल लावतं, काही जाणवत नाही. मारिरीतली हार्मीन, हार्मालीन ही द्रव्यं त्या एन्झाइमलाच रोखतात, म्हणून चहा चढतो. (आपल्याकडे धुरीसाठी वापरतात त्या हरमलच्या बियांतही हीच द्रव्यं असतात.) पण हेच एन्झाइम सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही मज्जातंतूंचे निरोप पोचवणारी द्रव्यंही मोडतं. ते बंद असताना ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीन ही वेदनाशामकं दिली तर सेरोटोनिन साचत जातं. मग अंग थरथरतं, स्नायू ताठ होतात, ताप भडकतो, रक्तदाब सैरभैर होतो. 1984 साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. तिला नैराश्यासाठी एमएओ रोखणारी गोळी चालू होती आणि रुग्णालयात पेथिडीन दिलं गेलं. ते प्रकरण आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, ते त्या क्षणी जसंच्या तसं आठवलं.

भूलतज्ज्ञ बाई आल्या. होआस्का म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या नाहीत. किती वाजता घेतली, किती घेतली, उलटी झाली का, नैराश्याची गोळी चालू आहे का, एवढं विचारलं. हे मला फार मोलाचं वाटलं. डॉक्टरने तोंड वाकडं केलं की पुढच्या वेळी माणूस तोंड उघडत नाही.

वेदनेसाठी त्यांनी मांडीत नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला, शिरेतून डायपायरोन आणि लागलं तर मोजून-मापून मॉर्फिन. मॉर्फिन सेरोटोनिनच्या वाटेला जात नाही. जुन्या एमएओ-रोधक गोळ्या एन्झाइम कायमचं निकामी करतात, ते नव्याने तयार व्हायला दोन आठवडे जातात. हार्मीनची पकड मात्र आपोआप सुटते. म्हणून ऑपरेशन मंगळवारी सकाळी ठेवलं. खुब्याच्या ऑपरेशनला फार उशीर करणंही म्हाताऱ्या माणसाला महागात पडतं, हे त्यांनी आम्हाला नीट समजावलं.

पाठीतून भूल दिली की रक्तदाब घसरतो. तो सावरायला बऱ्याचदा एफेड्रिन देतात, पण ते शरीरात साठलेलं नॉरअॅड्रेनालिन बाहेर काढतं. एमएओ बंद असेल तर तोच साठा जास्त असतो आणि रक्तदाब एकदम उसळू शकतो. त्याऐवजी थेट रक्तवाहिन्यांवर काम करणारं फेनिलेफ्रिन थोडं थोडं द्यायचं, असं त्यांनी केसपेपरवर लिहिलं. खाली मोठ्या अक्षरांत: पेथिडीन नाही, ट्रॅमाडॉल नाही.

ती ओळ ऑपरेशननंतर कामी आली. सासूबाईंना हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. पाठीतल्या भुलेनंतर असं होतं, आणि त्यावर नेहमी दिली जाणारी औषधं नेमकी हीच दोन. तोवर चहाचा अंमल उतरलेलाही असेल. तरी नर्सने कागद वाचला, गरम हवेचं पांघरूण घातलं आणि थोड्या वेळात कापरं थांबलं.

पेरूत अयाहुआस्का घेऊन परतलेले पुण्या-मुंबईचे लोक माझ्या ओळखीत आहेत. भारतात डीएमटी अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे, म्हणून ते डॉक्टरांसमोर गप्प राहतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भूलतज्ज्ञाला एकांतात गाठा, काढ्याचं नाव आणि शेवटचा पेला कधी घेतला ते सांगा. 'आयुर्वेदिक काहीतरी' म्हणून वेळ मारून नेऊ नका.

घरी सोडताना मिळालेल्या चिठ्ठीत ट्रॅमाडॉलच्या गोळ्या पुन्हा आल्याच. हाडांच्या डॉक्टरांची ती ठरलेली चिठ्ठी. काउंटरवरच बदलून घेतली. वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद होईपर्यंत सासूबाई शनिवारी विधीला बसल्या, पण त्यांचा पेला रिकामाच राहिला.