लेकाच्या कोपराचं ऑपरेशन करायचं की नाही

तीन महिने घरात हाच एक विषय चाललाय, जेवताना तोच, झोपताना तोच, म्हणून शेवटी लिहायला बसले.

लेक आता 14 वर्षांचा. नऊ वर्षांचा असताना आजोळी चिंचेच्या झाडावरून पडला, उजवा हात कोपराखाली मोडला. तालुक्याच्या दवाखान्यात एक्सरे काढला, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलंय म्हणाले आणि प्लास्टर घातलं. उन्हाळ्याचे दिवस, आत खाज सुटायची, पोरगं रात्रभर रडायचं, मग आम्हीच पंधरा दिवसांत प्लास्टर काढून त्याला हाडवैद्याकडे नेलं. लेप, बांबूच्या कामट्या, घट्ट पट्टी. महिन्याने दुखायचं थांबलं, हात हलायला लागला, आम्हाला वाटलं झालं बरं.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला एक टेंगूळ राहिलं. "वाढत्या वयात बसेल" असं सगळे म्हणायचे आणि मीपण तेच म्हणायचे.

या वर्षी सत्यनारायणाच्या पूजेत तीर्थ घेताना बघितलं, तळहात पूर्ण उताणा होतच नाही त्याचा, पळीतलं पाणी करंगळीकडून ओघळून गेलं आणि त्याने पटकन डावा हात खाली धरला, इतक्या सवयीने की माझ्या पोटात कालवलं. इतकी वर्षं तो असंच घेत होता आणि मला दिसलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला माँटेजिया म्हणतात. मिलानच्या एका सर्जनने 1814 साली वर्णन केलेलं, म्हणजे नवीन काही नाही. यात अल्ना नावाचं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं आणि त्याच झटक्यात शेजारच्या रेडियसचं डोकं कोपरातून निसटतं. मोडलेलं हाड लगेच नजरेत भरतं, निसटलेलं डोकं सुटून जातं. त्यांनी जुनी फिल्म मागितली, ती माळ्यावर तांदळाच्या डब्यामागे सापडली. लेकाचीच पट्टी घेऊन त्यांनी रेडियसच्या मधून रेघ ओढली, ती कोपरातल्या गोल हाडाच्या मध्यात जायला हवी, कुठल्याही बाजूने एक्सरे काढा. ती चक्क वरून निघून गेली होती. पाच वर्षं ते फिल्मवर होतं!

पहिले डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू. वाकडी जुळलेली अल्ना कापायची, थोडी उलट्या दिशेला वाकवून प्लेट लावायची, सांध्यात भरलेलं घट्ट मांस साफ करून डोकं जागेवर आणायचं, गरज पडली तर ट्रायसेप्सवरच्या, म्हणजे दंडामागच्या स्नायूवरच्या, पातळ पडद्याची पट्टी घेऊन डोकं धरून ठेवणारं नवीन लिगामेंट करायचं, मग काही आठवडे प्लास्टर. पण डोकं परत निसटू शकतं, आज जेवढा हात फिरतो तेवढाही फिरणार नाही असं होऊ शकतं, आणि बोटं वर उचलणारी नस तिथूनच जाते. बारा वर्षांच्या आत आणि मार लागल्यापासून तीन वर्षांत केलं तर निकाल बरे येतात, असं तेच म्हणाले. आमचं दोन्ही उलटून गेलंय.

हे म्हणाले करूनच टाकू, उद्या नोकरीच्या मेडिकलला अडेल. मला मात्र सारखं वाटत होतं की आज पोराचं काही फारसं दुखत नाही, लिहितो, सायकल चालवतो, आणि आपण आपल्या मनातली बोच काढायला त्याचा हात टेबलावर ठेवतोय का?

दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रेडियसचं डोकं वरून वाटीसारखं खोलगट असतं, म्हणून ते गोल हाडावर नीट बसतं. याचं पाच वर्षं टेकायला काहीच न मिळाल्याने घुमटासारखं फुगलंय. "वाटीच राहिली नाही तर बसवून टिकणार कसं?" एवढंच ते बोलले. मग मापं घेतली, कोपर 120 अंशांपर्यंत वाकतं, तळहात उताणा 50 पर्यंत होतो. मग पहिल्यांदाच कुणीतरी लेकाला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "आता नको, आणि जे फिरतंय ते जायला नको."

आम्ही सध्या नाही म्हणालोय. दर सहा महिन्यांनी मापं, वर्षाने एक्सरे, आणि करंगळीला मुंग्या यायला लागल्या तर लगेच दाखवायचं, कारण कोपर बाहेर झुकत गेलं तर आतल्या बाजूची नस ताणली जाते. वाढ पूर्ण झाल्यावर फारच दुखलं तर रेडियसचं डोकं काढून टाकायचा मार्ग उरतो.

तुमच्या घरात कुणा पोराचा कोपराखालचा हात मोडला तर एक्सरेत कोपर आणि मनगट दोन्ही आलंय का ते बघा आणि डॉक्टरांना ती रेघ ओढून दाखवायला सांगा, लाजू नका. मला ते तेव्हा माहीत असतं तर!

काल रात्री त्याच्याजवळ बसले, पहिल्यांदा नीट सॉरी म्हटलं. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "आई, करंगळी ठीक आहे, रोज नको विचारू."