तो अनोळखी मुलीबरोबर गेला नसता

आमच्या प्रकाशनाकडे कुमारवयातल्या वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी क्वचित येते, कालप्रवासाची तर जवळजवळ नाहीच. म्हणून हे हस्तलिखित आलं तेव्हा मी ते कुणाकडे न सोपवता स्वतःकडेच ठेवून घेतलं. लेखिका कॉलेजात शिकणारी. तिची पंधरा वर्षांची नायिका आजच्या पुण्यातून निघून १२ जुलै १९६१च्या पहाटे जाऊन पोचते. पानशेतचं धरण फुटायला काही तास उरलेत. नारायण पेठेत नदीच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात तिची आजी बारा वर्षांची आहे, आजीचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा. तो भाऊ पुरात गेला, घरातले फोटोही त्याच पाण्यात गेले, त्यामुळे तो दिसायचा कसा हे आज आजीखेरीज कुणालाच माहीत नाही. नायिका त्याला वाचवायला आली आहे. लेखिकेच्या सख्ख्या आजीच्या घरात घडलेलीच ही गोष्ट. तिनं हे पत्रातच लिहिलं होतं.

संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अशी एक संहिता हाताळून बघावी. मी भिंतीवर कागदाच्या दोन पट्ट्या लावल्या. वरची कॅलेंडरची, खालची नायिकेची. कॅलेंडरवर ती साठ-पासष्ट वर्षं मागं गेली, तरी तिच्या स्वतःच्या पट्टीवर ती पुढेच सरकत असते. सातव्या प्रकरणात तळहात खरचटला असेल तर आठव्यात साल १९६१ असलं तरी जखम ओलीच हवी. दहाव्यात ती खपली खाजवते, हे फार लवकर झालं. खिशातल्या मोबाइलला रेंज नसणार, पण त्याचं घड्याळ मागं सोडून आलेल्या काळाची वेळ दाखवत राहणार. बॅटरी उतरतच गेली पाहिजे. एका ठिकाणी ती ४१ टक्क्यांवरून ५५वर गेली होती. वाचणारी मुलं हे पहिल्या झटक्यात पकडतात आणि मग त्यांचा पुस्तकावरचा विश्वास उडतो. मोठ्यांसारखी ती सोडून देत नाहीत.

मुलीनं अभ्यास चांगला केला होता. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली, सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खालचं खडकवासला फुटलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, हे सगळं जागच्या जागी होतं. चुका झाल्या त्या लहान वस्तूंत. वाड्यात आलेल्या पोस्टकार्डावर तिनं पिनकोड घातला होता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. नायिकेला रस्त्यात सापडलेल्या नाण्यावर नुसतं ‘पैसे’ लिहिलेलं होतं, तेव्हाच्या नाण्यांवर ‘नये पैसे’ असायचं. आणि पूर ओसरल्यावर चिखलात बुडालेल्या पेठेवर तिनं चांदणं पाडलं होतं. फार सुंदर परिच्छेद. मी जुनं पंचांग काढलं. त्या रात्री अमावास्या होती. वीज गेलेली, चंद्र नाही, आणि गाळात माणसं एकमेकांना हाका मारून शोधताहेत. तिनं ते नव्यानं लिहून पाठवलं आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी सरस निघालं. खऱ्या तपशिलाला धरून राहिलं की लिखाणात बळ येतं, हे मी नव्या लेखकांना सांगून थकले आहे. ही मुलगी एका फोनमध्ये समजली.

विक्री विभागाचं म्हणणं वेगळंच होतं. शाळांना बोध लागतो, म्हणून शेवटी पर्यावरणावर एक पान टाका. माझा याला ठाम विरोध आहे. दहावीतल्या मुलाला मरण, पश्चात्ताप, प्रेम हे सगळं घरात रोज दिसत असतं, आणि पुस्तकातून आपण त्याला अजून झाडं लावायला सांगतो. मग मराठी मुलं वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो.

माझी खरी अडचण मात्र बाराव्या प्रकरणात होती. नायिकेला धरण फुटणार हे ठाऊक आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत तिच्या हातात वेळ आहे. मग ती एकाच मुलाला घेऊन पर्वतीकडे का पळते? बाकी शहराचं काय? लोकांना वेळेत सावध का केलं नाही, हा तर त्या पुरानंतरचा सगळ्यात मोठा सवाल होता. आधी बावडेकर आणि मग नाईक चौकशी आयोग बसला. आणि इथे ज्या एकाच व्यक्तीला सगळं माहीत आहे, ती गप्प राहते. मी समासात लिहिलं, ‘तिला निदान एकदा तरी ओरडू दे.’ लेखिका म्हणाली, “मॅडम, तिचं कोण ऐकणार? पूल पाण्याखाली जाईपर्यंत लोक पुलावर पाणी बघायला जात होते. मी आजीलाच घेऊन येते, तुम्ही विचारा.”

आणि ती खरंच घेऊन आली. आजींनी सगळं हस्तलिखित वाचलं होतं, कडेला पेन्सिलीनं बारीक खुणाही केल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या भावावरच्या पानांशी रडतील. त्या चष्मा पुसून कामालाच लागल्या. बंब मागच्या अंगणात असायचा, मोरीशेजारी नव्हे. आई स्टोव्हला पिन मारते ते बरोबर. चौकातल्या हौदाचं पाणी प्यायचं नाही, तेवढं काढ. मग बाराव्या प्रकरणावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे मात्र खोटं आहे. तो अनोळखी मुलीबरोबर गेला नसता.”

लेखिका म्हणाली, “अगं आजी, ती त्याला गोळ्या देते ना.”

“गोळ्या घेतल्या असत्या. आणि घरात पळाला असता. परक्याचा हात धरायचा नाही असं आईनं बजावलेलं. तो फक्त माझ्याबरोबर जायचा.”

कालप्रवासाच्या सगळ्या तर्कातून जे मला सापडलं नव्हतं, ते या एका वाक्यात होतं. नायिकेनं मुलाला नव्हे, बारा वर्षांच्या बहिणीला पटवायला हवं. तिथून कादंबरी सरळ होते, सावध करण्याचा माझा प्रश्नही तिथेच सुटतो. शहर राहू दे, एका मुलीला पटवता येतं का ते बघा. मी उत्साहानं बोलून गेले, “मग आजी, त्या सकाळी कुणी तुम्हाला येऊन सांगितलं असतं तर?”

आजींनी कागद सारखे केले. “सांगितलंच होतं की. समोरच्या वाड्यातले काका ओरडत गेले, वर चला, धरण फुटलं. मी म्हटलं, आमची आई बाहेर गेली आहे, ती आल्यावर जाऊ. तो सारखा म्हणत होता चल, चल. मी त्याला रागावून बसवून ठेवलं.”

नातीला हे माहीत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी पुढे काही विचारलं नाही. चहा आला. आजींनी तो बशीत ओतून घेतला आणि पिनकोडचं तुम्ही छान पकडलंत म्हणाल्या.

त्यानंतर लेखिकेनं शेवटची चार प्रकरणं परत मागून घेतली. परवा तिचा ईमेल आला. नव्या खर्ड्यात बहीण भावाला रागावून बसवून ठेवते, तो प्रसंग आहे. शब्दही आजींचेच. नायिका तिला हलवू शकत नाही. मी आजवर संपादित केलेल्या कुमार-लिखाणात इतकं खरं पान मला आठवत नाही. खाली तिनं विचारलंय, “हे ठेवू ना?”

संपादक म्हणून उत्तर सरळ आहे. पण ते वाक्य लेखिकेचं नाही, माझंही नाही. आजी ते कादंबरीसाठी बोलल्या की इतक्या वर्षांत कुणी नेमकं तेच विचारलं म्हणून बोलल्या, हे मला कळत नाही. पुस्तक छापून आलं की ते त्यांच्या भावकीतही वाचलं जाणार. बहिणीचं नाव बदललं तरी वाडा ओळखणारी माणसं अजून आहेत.

मी तिला कळवलंय की हे आजींनाच विचार, आणि छापलेलं पान त्यांच्या हातात देऊन विचार, नुसतं तोंडी नको. त्यांचा होकार येईपर्यंत मी त्या प्रकरणाला हात लावणार नाही. पुस्तक दिवाळीच्या यादीतून काढा, असं वरही सांगून टाकलं आहे.