फॉर्मवर सिंगल, हॉटेलात डबल: आमची कोपनहेगनवारी

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच चालणाऱ्या व्हिसाच्या, फॉर्ममधे वैवाहिक स्थितीचा एक रकाना असतो. सिंगल, मॅरिड, डिव्होर्स्ड, विधवा वगैरे, आणि मधेच एक पर्याय, रजिस्टर्ड पार्टनरशिप, म्हणजे लग्नाऐवजी जोडीदार म्हणून सरकारी नोंद. मी आणि तेजू त्या पर्यायाकडे चांगली पाच मिनिटं बघत बसलो, चहा गार झाला. अकरा वर्षं एका घरात राहतोय, गॅसचं कार्ड, कामवाल्या मावशी, फ्रिजचा ईएमआय सगळं दोघींत मिळून, पण नोंद कुठेच नाही. मग दोघींनी आपापल्या फॉर्मवर मुकाट्यानं सिंगल टिक केलं आणि पुढच्या रकान्यात गेलो.

मला खरं तर बाली हवं होतं. स्वस्त, गरम, नारळपाणी. पण तेजूची चाळिशी होती आणि तिचं म्हणणं की एकदा तरी अशा ठिकाणी जायचं जिथे रिसेप्शनवर काही बोलताना पोटात गोळा येत नाही. म्हणून डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन ठरलं. तसं आपल्याकडे दोन बायकांना हॉटेलात कोणी अडवत नाही हेही खरंय. दोन पुरुषांकडे वाकड्या नजरेनं बघतील, आमच्याकडे कोणी बघतच नाही. "मैत्रिणी मैत्रिणी निघालात? छान! घरचे कुठे?" एवढंच. अकरा वर्षं हेच ऐकतोय, त्यामुळे आपण नक्की दिसतो तरी का अशी शंका यायला लागते.

आधी एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, मॅडम दोघी अविवाहित, मुलं नाहीत, म्हणजे परत यायला कारण काय? रिजेक्शनचा चान्स आहे, तुम्ही कझिन सिस्टर लिहा. मी बँकेत आहे, खोट्या कागदांचं पुढे काय होतं ते रोज बघते, त्यामुळे त्याला नमस्कार केला आणि सगळं आपलं आपणच केलं.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगते. फॉर्म डेन्मार्कच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, प्रत्येकीचा वेगळा. फी ९० युरो, म्हणजे दर माणशी नऊ हजारांच्या आसपास, वर व्हिसा सेंटरचे चार्जेस. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोच्या कव्हरचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. माझं सोपं होतं, सॅलरी स्लिपा, रजेचं पत्र, ऑफिसची एनओसी. तेजूचं स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक, त्यामुळे शॉप अ‍ॅक्ट लायसन्स, तीन वर्षांचे आयटी रिटर्न आणि तिचं ते दर महिन्याला वरखाली होणारं स्टेटमेंट.

इथेच पहिला खडा लागला. नवरा-बायको असते तर मी सरळ लिहिलं असतं की बायकोचा खर्च माझ्याकडे, आणि लग्नाचा दाखला जोडला असता. आमच्याकडे दाखल्याच्या जागी काय जोडायचं? तर जॉइंट अकाउंट. ऑगस्ट २०२४ मधे अर्थ मंत्रालयानं पत्रक काढून स्पष्ट केलं होतं की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही. (बंदी आधीही नव्हती, कुठल्याही दोघांना जॉइंट खातं उघडता येतं हे मी काउंटरवर बसून शंभर जणांना सांगितलंय. पण लेखी आलं की जरा धीर येतो.) त्याच दिवाळीत आम्ही आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघींपैकी कोणीही चालवू शकेल असं, खातं काढलं होतं, त्याचं स्टेटमेंट जोडलं आणि कव्हर लेटरमधे एक सरळ वाक्य लिहिलं, आम्ही लाइफ पार्टनर आहोत, २०१४ पासून एकत्र राहतो, भारतात आमच्या नात्याची कायदेशीर नोंद होत नाही. ते वाक्य लिहायला दोन संध्याकाळी लागल्या.

डेक्कन क्वीननं मुंबई गाठली. सेंटरवर काउंटरच्या मुलीनं विचारलं, रिलेशन? तेजू म्हणाली पार्टनर. तिनं विचारलं, बिझनेस पार्टनर? आम्ही दोघी हसलो, तीही हसली, काय समजली माहीत नाही, बोटांचे ठसे घेतले आणि पुढचा टोकन नंबर पुकारला. बारा दिवसांनी पासपोर्ट आले, व्हिसा सिंगल एंट्री, जेमतेम मागितले तेवढेच दिवस. पण मिळाला, आणि कझिन सिस्टर न होता मिळाला.

तिकिटात आखाती देशांतून जाणारी विमानं बरीच स्वस्त होती. तिथे बहुतेक ठिकाणी आमच्यासारख्यांना कायद्यानं गुन्हेगार ठरवतात, नुसत्या ट्रान्झिटमधे कोणी काही करत नाही म्हणतात, पण मला सहा तास ते डोक्यात घेऊन बसायचं नव्हतं, म्हणून जास्तीचे पैसे भरून फ्रँकफर्टवरून गेलो. इमिग्रेशन तिथेच होतं. कुटुंबं एकत्र काउंटरवर जात होती, आम्हीही एकत्र गेलो. ऑफिसरनं विचारलं, सिस्टर्स? मी म्हटलं, नो, पार्टनर्स. वर्दीतल्या माणसासमोर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. त्यानं रिटर्न तिकीट मागितलं, शिक्का मारला, संपलं. माझे हात मात्र नंतर बराच वेळ थंडगार.

कोपनहेगनच्या विमानतळावरून ट्रेननं मेन स्टेशन पंधरा मिनिटांत येतं. हॉटेल स्टेशनच्या मागे वेस्टरब्रो भागात घेतलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलानं काही विचारलं नाही, चावी दिली. वर जाऊन दार उघडलं तर डबल बेडवर दोन वेगळ्या दुलया. गाद्याही दोन, नुसत्या शेजारी शेजारी सरकवलेल्या. माझं डोकंच सटकलं. म्हटलं इथेपण? एवढे पैसे खर्च करून, सात समुद्र ओलांडून, शेवटी मैत्रिणी मैत्रिणीच? तेजू नको नको म्हणत असताना मी खाली गेले आणि त्या मुलाला जरा चढ्या आवाजातच सांगितलं की वी आर अ कपल. तो बिचारा गोंधळला. मग म्हणाला, हो, मग कपलचीच रूम आहे ती, इथे सगळे असेच झोपतात, माझे आईबाबापण. एका दुलईत दोघं झोपले तर रात्रभर ओढाओढी होते ना! मी वर आले तेव्हा तेजू पोट धरून हसत होती.

आम्ही जूनमधे गेलो होतो. प्राइड, म्हणजे समलिंगी लोकांची मोठी मिरवणूक, ऑगस्टमधे असते, पण तेव्हा हॉटेलं महाग होतात आणि आम्हाला गर्दीचा तसाही उत्साह नाही. जूनमधे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो आणि नंतरही आकाश पुरतं काळं होतच नाही. तिथला एक क्रोन म्हणजे तेव्हा साधारण तेरा रुपये, आणि एकदा गुणाकाराची सवय लागली की कॉफी घशाखाली उतरत नाही. वेलदोडा घातलेले पावाचे गोल वळे मिळतात बेकरीत, त्यावर आम्ही जगलो. आणि सायकलच्या ट्रॅकवर चुकूनही उभं राहू नका, तिथली माणसं एरवी फार मवाळ, पण तिथे ओरडतात.

टाउन हॉलसमोर पहिल्याच सकाळी गेलो, कारण तेजूला तेच बघायचं होतं. १ ऑक्टोबर १९८९ ला इथे अकरा समलिंगी जोडप्यांची नोंदणी झाली, सरकारी नोंदणी करणारा डेन्मार्क हा जगातला पहिला देश. आमच्या फॉर्मवरचा तो पर्याय, रजिस्टर्ड पार्टनरशिप, सुरू झाला तो या लाल विटांच्या इमारतीत. त्या अकरांत अ‍ॅक्सेल आणि आयगिल नावाचे दोन म्हातारे होते, चाळीस वर्षं एकत्र राहिलेले. पन्नासच्या दशकात पुरुषांचे फोटो विकणाऱ्या त्यांच्या एजन्सीवरून दोघांना तुरुंगात टाकलं होतं, त्याच सुमारास त्यांनी दोघांची नावं जोडून एकच आडनाव केलं, अ‍ॅक्सगिल. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव तांदळात नव्यानं लिहितात, इथे दोघांनी मिळून स्वतःचं बारसं केलं! तिथल्या बाकावर बसून आम्हीपण करून बघितलं, अनू आणि तेजू, अनुतेज. ते नाकात घालायच्या आयुर्वेदिक तेलासारखं वाटतं असं तेजूचं मत पडलं, विषय संपला.

हॉलला लागूनच छोटासा चौक आहे, २०१४ पासून त्याला इंद्रधनुष्य चौक म्हणतात, डॅनिशमधे रेग्नबुएप्लॅडसन. पण सगळं एका दिवसात झालं असं समजू नका. १९८९ च्या कायद्यात दत्तक नव्हतं, चर्चमधलं लग्न नव्हतं. दोघांनी मिळून दत्तक घ्यायचा हक्क २०१० मधे आला, लग्न २०१२ मधे.

शनिवारी परत तिथून जात होतो तर लग्नं चालू होती. दोन बायका पायऱ्या उतरून आल्या, एकीच्या हातात फुलं, मागे चार माणसं. फोटो काढायला त्यांनी तेजूच्या हातात फोन दिला. दोघी परदेशातून आलेल्या, त्यांच्या देशात हे लग्न मानत नाहीत, पण इथे बाहेरच्यांनाही करता येतं. आधी तिथल्या फॅमिली लॉच्या सरकारी ऑफिसकडे ऑनलाइन अर्ज करायचा, फी भरायची, ते कागद तपासून प्रमाणपत्र देतात, ते चार महिने चालतं, तेवढ्यात येऊन लग्न करायचं. त्या गेल्यावर तेजू काहीच बोलली नाही आणि मला कळलं की आता भांडण होणार. झालंच. ती म्हणे तुला हे माहीत होतं? मला माहीत होतं. मी पुण्यात असतानाच वाचलं होतं आणि सांगितलं नव्हतं. माझं गणित सरळ होतं, १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं विवाहाचा हक्क द्यायला नकार दिलाय, मग तो कागद आणून कुठे लावायचा? तेजू म्हणाली, फ्रिजवर लावला असता. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

संध्याकाळी अबोलाच होता. तसेच सेंट्रलयॉर्नेट नावाच्या जुन्या गे बारमधे गेलो, टाउन हॉलपासून चालत पाच मिनिटं. ज्यूकबॉक्स आणि पिकल्या केसांची मंडळी. आमच्या शेजारी सत्तरीतले दोघं पुरुष औषधाच्या गोळीवरून एकमेकांवर करवादत होते, सकाळची घेतलीस की नाही वगैरे, अगदी माझ्या मामा-मामींसारखे. ते बघून तेजू हसली, मग मीपण.

सगळं गोडगोड नव्हतं. एका रात्री स्टेशनमागच्या रस्त्यावर हात धरून चाललो होतो, तर समोरून आलेला एक दारुडा आमच्यावर ओरडत बराच वेळ मागे आला. भाषा कळली नाही. हात धरला म्हणून ओरडला की सावळ्या आहोत म्हणून, ते आम्हाला ठरवता आलं नाही. आम्ही एका दुकानात शिरलो, तो गेला. त्यानंतर हात सोडला का? त्या रात्री सोडला. दुसऱ्या दिवशी परत धरला.

शेवटच्या दिवशी असिस्टन्स नावाच्या दफनभूमीत गेलो. तिथे लोक चक्क चटया टाकून ऊन खात पडतात, कबरींच्या मधे. जलपरीची गोष्ट लिहिणारा हान्स अँडरसन तिथेच आहे. त्याचा एडवर्ड कोलिन नावाच्या मित्रावर जीव होता, एडवर्डनं रीतसर लग्न केलं, आणि पुढे तो आणि त्याची बायको अँडरसनच्याच कबरीत त्याच्याशेजारी पुरले गेले. नंतर घरच्यांनी त्या दोघांना तिथून हलवून स्वतःच्या कुटुंबाच्या जागेत नेलं. तेजू बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बघ, नॉमिनी नव्हता ना केला."

परत येऊन पाच महिने झाले. एक गोष्ट मात्र आम्ही तिथून उचलली, ती म्हणजे दुलया. खरंच फार सुख आहे त्यात, तेजूला पंखा पाचवर लागतो आणि मला थंडी वाजते, आता ओढाओढी बंद. माझी आजीची गोधडी मला आणि तिची सोलापुरी चादर तिला. गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. आईला सगळं माहितीये आणि आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. सकाळी ती अंथरुणं आवरायला आमच्या खोलीत आली, पलंगावर दोन पांघरुणं बघून जरा थबकली, आणि मग कधी नव्हे ती तेजूला म्हणाली, "अगं, तुझी चादर फार पातळ आहे, मी तुला एक गोधडी शिवून देते."