जमेत धरलेलं शेततळं

सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या एका गावात अटल भूजल योजनेसाठी मी पाण्याचा ताळेबंद करत होते. योजना 25 डिसेंबर 2019 ला सुरू झालेली, 6 हजार कोटींची, त्यातला निम्मा पैसा जागतिक बँकेचा. बँक पैसे सोडणार ते काम झाल्याचं बघून. त्यामुळे आमच्याकडे ताळेबंदाची मुदत म्हणजे लग्नाचा मुहूर्त. 1 मेच्या ग्रामसभेआधीच मी पंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने आकडे रंगवून घेतले होते. तेवढी घाई नडली.

हिशोब तसा सरळ. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. जमेला मुरलेलं पाणी, बंधारे, पाझर तलाव, शेततळी. खर्चाला माणशी रोज 55 लिटर, जनावरं, पिकं. मी वाचत होते, तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, “बाई, शेततळं जमंत कसं गं धरलंस?”

“पावसाचं पाणी साठतं ना त्यात.”

सभा हसली. सरपंचसुद्धा.

“पावसानं भरतंय व्हय? बोरनं भरतंय त्ये. खाली कागद हाय.”

कागद म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर. एक थेंब मुरत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तक्त्यात रकाना होता, मी भरला.

सभेनंतर आजींच्या मळ्यात गेले. विहीर माझ्या निरीक्षणातलीच. ऑक्टोबरात पाणी 4.5 मीटरवर होतं, जानेवारीत 11 वर. ही घट मी ज्वारीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. आता टेप सोडला, तर पाण्याला टेकल्याची पीं ऐकूच आली नाही. टोक गाळ घेऊन वर आलं. आणि बांधापलीकडे 30 बाय 30 मीटरचं तळं, निळंशार. दिवाळीपासून तीन बोर रात्रंदिवस त्यात ओतत होते, म्हणे. काळ्या कागदावर पाणी उतरल्याच्या पांढऱ्या रेघा, एकीखाली एक. “उन्हानं रोज बोटभर जातंय,” गडी म्हणाला. बोटभर म्हणजे सेंटिमीटर धरा: दिवसाला 9 हजार लिटर. 55 लिटरच्या हिशोबाने दीडशेवर माणसांचं पाणी, नुसतं हवेत. असली तळी गावात बरीच होती.

मालक तिथेच उभा होता. चिडला नाही. “मॅडम, मे महिन्यात बाग जाळू का मग?” डाळिंबाला कर्ज काढलेल्या माणसाला काय सांगणार? आजी तिथेच होत्या. त्याही गप्प राहिल्या, नात्यातलाच तो.

संध्याकाळी पेंटरला पुन्हा बोलावलं. भिंतीकडे बघून तो म्हणाला, “जमा पुसू का खर्च वाढवू?”

“दोन्ही.”

“मग मजुरी पण दोनदा.”


ती मी खिशातून दिली.