तीन रकान्यांची वही

शनिवार, पहाटे ३.००

बाहेर पाऊस नुसता कोसळतोय. घरात एकच दिवा चालू, स्वयंपाकघरातला. ओट्याला टेकून, उभ्यानेच लिहितोय, कारण बसलो की झोपलो. ही वही खरं तर दुधाच्या हिशोबाची. मागची पानं मी ढापली आहेत.

पुढची पानं आईची. तिची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत हजेरीपट भरण्यात गेली. पोरं घरी आली त्याच दिवशी तिने लाल पेनाने तीन रकाने आखले, प्रत्येकात वेळ, दूध किती मिली, शू, शी. वर आकडे, १, २, ३. दवाखान्यात त्यांच्या पायातल्या पट्ट्यांवर तेच होते. सासूबाई साताऱ्याहून आल्या, त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, "लेकरास्नी नंबर कसलं लावताय, जेलातल्यागत?" बारसं अजून व्हायचंय, म्हणून त्यांनीच चालू कामापुरती नावं दिली. चिमी, ठमी आणि बंड्या. आईने निमूट आकडे खोडले. दोन्ही विहिणींचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. दुसरी अजून सापडायची आहे.

धुरीवरून तर अजून धुसफूस चालूच आहे. सासूबाईंना ओवा-वावडिंगाची धुरी हवी, डॉक्टरांनी धूर साफ नको म्हटलंय. घुटीही नको, काजळही नको, सहा महिने फक्त दूध. "मग आजीनं करायचं काय?" हा त्यांचा प्रश्न. लंगोट वाळवायचे, हे त्याचं सध्याचं उत्तर. नौपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेमध्ये या खोलीतून त्या खोलीत दोऱ्या बांधल्यात, पंखे फुल, आणि दमट राहिलेल्या लंगोटांवर इस्त्री. घराला कायम गरम कापडाचा आणि डिंकाच्या लाडवांचा वास.

तिळं म्हटलं की लोकांना गंमत वाटते. लस द्यायला निघालो तेव्हा माणसं आणि पिशव्या मिळून दोन रिक्षा लागल्या. पुढच्या रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "तिन्ही आपलीच का साहेब?" सोसायटीत 'ट्रिपल सीट' हा विनोद आतापर्यंत अकरा जणांनी केलाय, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटतं.

तेहेतिसाव्या आठवड्यात झाली तिघं. चिमी १.७ किलो, ठमी १.६, बंड्या १.४. मुली चोवीस दिवसांनी घरी आल्या, बंड्या एकतिसाव्या दिवशी. माझी पाच दिवसांची रजा एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या, बाकड्यावरच संपली. हिची कायद्याने २६ आठवडे, मग मूल एक असो की तीन.

आज त्यांना आठ आठवडे झाले. पण पूर्ण दिवस भरले असते तर ती आत्ता जेमतेम एका आठवड्याची असती. डॉक्टर दोन्ही हिशोब धरतात. लस जन्मतारखेवरून, मान कधी धरणार, हसणार कधी, ते त्या दुसऱ्या तारखेवरून. आई याला "अधिक महिना" म्हणते.

दवाखान्यात मला एकच काम नीट जमलं, कांगारू. शर्टाची बटणं उघडून बाळाला छातीवर उभं धरायचं, त्याच्या अंगात फक्त लंगोट आणि टोपडं. ते शिकवणाऱ्या सिस्टरने सांगितलं होतं की, १९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडायला लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. आम्हाला पेटी मिळाली होती, तरी मी रोज दोन तास बंड्याला घेऊन बसायचो. माझ्या छातीवरचे केस मुठीत धरून झोपायचा. अजून धरतो. दुखतं.

आता त्या रात्रीचं. लिहू की नको, असं चार दिवस चाललंय.

अशी लवकर आलेली बाळं भुकेला रडतीलच असं नसतं, झोपूनच राहतात. म्हणून घरी सोडताना बजावलं होतं, रडण्याची वाट बघू नका, घड्याळावर पाजा. दर तीन तासांनी तिघं, म्हणजे दिवसाला चोवीस वेळा. अंगावरचं तिघांना पुरत नाही, तेव्हा ही आलटून पालटून एकाला घेते, उरलेल्या दोघांना काढलेलं दूध किंवा डॉक्टरांनी दिलेली पावडर. तेही बोंडल्याने. सासूबाईंचं चांदीचं आहे, दवाखान्यात तसंच स्टीलचं होतं. चिमी आणि ठमी एकाच वारेच्या, अगदी सारख्या. म्हणून चिमीच्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश.

ते उडालं होतं. मंगळवारी रात्री एक वाजता मी चिमीला साठ मिली पाजलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढली, खाली ठेवलं, बंड्याचं लंगोट बदललं आणि परत चिमीलाच उचललं. ती पुन्हा प्यायली, बिचारी. ठमीच्या रकान्यात मी बरोबरची खूण केली. अर्ध्या तासाने चिमीने सगळं ओकलं, गादीपर्यंत. ठमी शेजारी गाढ. चार वाजता आईच्या लक्षात आलं, हिचं लंगोट कोरडं कसं? सहा तास पोटात काही नव्हतं आणि पोरीने हूं की चूं केलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी धीर दिला. ही काहीच बोलली नाही. तिने नेलपॉलिशची बाटली घेतली आणि या वेळी ठमीच्या दोन्ही अंगठ्यांना लावलं.

तेव्हापासून मी अंगठे बघत नाही, चेहरे बघतो. चिमी बोंडल्याच्या चोचीला जीभ लावून आधी चव घेते. ठमीच्या डाव्या कानाची पाळी किंचित दुमडलेली आहे. दूध समोर आलं की ती एकदा शिंकते, का ते कळत नाही. महिनाभर एका घरात राहून हे मला मंगळवारनंतर दिसलं.

४.२०

मध्येच उठावं लागलं. चारचा गजर व्हायला पाच मिनिटं होती आणि आतून रडण्याचा आवाज आला. बंड्याचा घोगरा नव्हे, चिमीचा तार स्वरातलाही नव्हे. बारीक, तुटक. आतून हिने विचारलं, "कोण गं?" सासूबाई अंधारात चष्मा शोधत होत्या.

"ठमी," मी इथूनच म्हणालो.

३.५५. ठमी. ६५ मिली. शू झाली. शिंकली.