पाटणची वाट आणि एक इलेक्ट्रॉन

जळगावहून सकाळची गाडी धरली. म्हसावद, पाचोरा, कजगाव. दोन्ही अंगांना फुटलेली कपाशी, वेचणीला लागलेल्या बाया, आणि खिडकीशी नाक लावून बसलेली माझी भाची. चार वर्षं ती परदेशात डार्क मॅटर शोधणारे डिटेक्टर बनवायच्या कामात आहे. सुट्टीला आली की आईकडे एकच हट्ट: "मामाबरोबर पाटणला जाते." मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. बाराव्या शतकातल्या गणिती भास्कराचार्यांचं नाव वर्गात दरवर्षी निघतं, पण त्यांचे ग्रंथ शिकवायला जिथे मठ निघाला त्या पाटणला जाऊन मला दहा वर्षं उलटली होती.

चाळीसगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "भाऊ, तुमले कथा जावानं से?" पाटणादेवी म्हटल्यावर त्याने सीट झटकली. अठराएक किलोमीटरचा रस्ता, बोलायला भरपूर वेळ. ही ताई काय करते, हे त्याने विचारलंच. "विश्वात न दिसणारा पदार्थ आहे, तो शोधते," ती म्हणाली. त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं. "जे दिखसच नही, ते सापडी कसं?"

ती लगेच काही बोलली नाही. डोंगर जवळ येईपर्यंत आम्ही दोघंही त्या प्रश्नावरच होतो.

गौताळा अभयारण्याच्या कुशीतलं हे ठिकाण मार्गशीर्षात फार सुंदर असतं. गवत पिवळं पडलेलं, हवेत गारवा, डोंगरी नदीला घोटाभर पाणी. देवीचं दर्शन घेतलं आणि शिलालेखापाशी आलो. शके 1128, म्हणजे इ.स. 1207. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव व हेमाडीदेव या भावांनी त्याला देणग्या दिल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये हा लेख अभ्यासकांसमोर आणला. बराचसा लेख संस्कृतात आहे, पण शेवट जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, असा त्यातल्या एका ओळीचा अर्थ. तिला तो सांगितला तेव्हा ती दगडापुढे मांडी घालून बसली.

"मामा, हे तर ग्रँटचं पत्र आहे."

खरंच आहे. बाजारात कुणी धान्य विकलं, कापड विकलं, आणि त्यातला वाटा आकाशाचं गणित शिकणाऱ्या पोरांच्या जेवणाला गेला. पृथ्वीच्या अंगी आकृष्टिशक्ती आहे, जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढते, असं भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलं. ते शिकवायचं म्हणून या रानात मठ उभा राहिला. मला तर ही खानदेशातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

अंधार पडायच्या आत अभयारण्याबाहेर पडलो. मुक्काम एका स्नेह्यांच्या मळ्यात होता. कपाशीच्या वाळल्या पराट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायला टाकलेली, कातडी तडकून आतला रस निखाऱ्यावर चुर्र वाजत होता. भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. जेवण झाल्यावर खळ्यात घोंगडी अंथरली आणि दिवा मालवला.

देवयानी तारकासमूह जवळपास डोक्यावर होता. भाचीने बोट दाखवलं तिथे आधी काही दिसेना, मग नजर जरा बाजूला नेल्यावर कापसाच्या तुसासारखा पुसट ठिपका दिसला. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, साध्या डोळ्यांनी. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 मध्ये हिच्याच फिरण्याचा वेग मोजून प्रसिद्ध केला. दूरचे ग्रह सूर्याभोवती हळू फिरतात, तसे दीर्घिकेच्या कडेचे भागही हळू फिरायला हवेत. ते तसे हळू पडत नाहीत. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने एवढा वेग सांभाळला जाणार नाही, ते भाग सुटून जातील. फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका मोठ्या समूहात हाच घोळ 1933 मध्येच दिसला होता. आजच्या हिशोबाने विश्वातल्या पदार्थापैकी सुमारे 85 टक्के न दिसणारा आहे; तोच डार्क मॅटर. त्याची ओळख पटते ती फक्त आकृष्टिशक्तीवरून.

"तो इथेही आहे, मामा. या खळ्यात." तिने हाताची ओंजळ केली. आपल्या आसपास दर घन सेंटिमीटरला त्याचं वस्तुमान साधारण प्रोटॉनच्या एक तृतीयांश भरतं. त्याचा कण प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतका हलका असला, तर नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सातशे कोटींच्या आसपास कण आरपार जात असतील. मी नकळत अंगठ्याच्या नखाकडे बघितलं.

अनेक वर्षं शोध मुख्यतः जड कणांचा चालला. अमेरिकेत साउथ डकोटातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जवळपास दीड किलोमीटर खाली, सात टन द्रव झेनॉन भरून लोक टपून बसले आहेत. त्यांनी 280 दिवसांची नोंद 2024 मध्ये मांडली. कण मिळाला नाही. मग कण हलकाच असेल तर? हलका कण झेनॉनच्या जड अणुकेंद्रावर आदळणं म्हणजे भरल्या बैलगाडीवर ज्वारीचा दाणा फेकणं. गाडी हलत नाही. दाण्यासाठी दाण्याच्या तोलामोलाचंच काहीतरी समोर ठेवावं लागतं, आणि ते म्हणजे इलेक्ट्रॉन.

इथून तिचा आवाज बदलला, कारण हे तिचं स्वतःचं काम. कॅमेऱ्यात असते त्याच जातीची सिलिकॉनची चिप, पण जाड आणि अतिशुद्ध. कणाने एखादा इलेक्ट्रॉन मोकळा केला की तो जवळच्या पिक्सेलमध्ये साठतो. पंचाईत मोजण्यात होती. यंत्राचीच खरखर दोन-तीन इलेक्ट्रॉनांएवढी, त्यात एकटा इलेक्ट्रॉन कसा ओळखणार? स्किपर सीसीडी नावाच्या चिपमध्ये तोच साठा न सांडता पुन्हा पुन्हा मोजता येतो. 2017 मध्ये चार हजार वेळा मोजून चूक एका इलेक्ट्रॉनच्या 0.07 पर्यंत खाली आणली. आता एक म्हणजे एकच, दोन म्हणजे दोनच. कॅनडातल्या स्नोलॅबमध्ये दोन किलोमीटर खाली 'सेन्सेई' आणि आल्प्सखालच्या मोदान इथे 'डॅमिक-एम' हे प्रयोग याच चिपवर चालतात.

"पण चिप गार लागते. शून्याखाली सव्वाशे-दीडशे अंश. नाहीतर उष्णतेनेच इलेक्ट्रॉन उड्या मारतात आणि खरा कोणता ते कळत नाही."

मला भुसावळचा मे महिना आठवला.

जमिनीखाली जायचं कारणही तसंच. आकाशातून येणारे म्यूऑन नावाचे कण दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एक या हिशोबाने आपल्या अंगावर पडत असतात. भोवतालच्या शिशातही किरणोत्सर्ग असतो, म्हणून अशा काही प्रयोगांत बुडालेल्या रोमन जहाजांमधलं शिसं वापरतात. दोन हजार वर्षांत ते निवून गेलेलं असतं. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 मध्येच वातावरणातल्या न्यूट्रिनो कणांची नोंद झाली होती, आणि आता झारखंडात जादूगुड्याच्या खाणीत 555 मीटर खोल प्रयोगशाळा आहे, तिथे हलक्या डार्क मॅटरचाच शोध चालतो. हे मी दर वर्षी मुलांना सांगतो, कारण ही आपली गोष्ट आहे.

कण याहून हलका असेल तर सिलिकॉनही अपुरं पडतं. त्यातला इलेक्ट्रॉन सोडवायला 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाच्या मघाच्या त्या कणाजवळही सर्वसाधारणपणे त्याहून कमीच असते. मग अतिसंवाहक, म्हणजे विजेला जराही न अडवणाऱ्या बारीक तारा, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ गार केलेल्या. "अजून काहीच सापडलेलं नाही," ती म्हणाली. "कुठे नाही, ते मात्र दर वर्षी जास्त नेमकं कळतंय." एवढं बोलून ती झोपली. मी बराच वेळ देवयानीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी जळगावात उतरलो आणि सराफ बाजारात गेलो. भाचीच्या आईची पोत गाठवायला दिली होती. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी पोत काट्यावर ठेवली, काचेची दारं लावली, पोराला पंखा बंद करायला सांगितला. शेवटचा आकडा थरथरत होता. तो थांबल्यावर त्यांनी वहीत लिहिला, पोत उचलली, काटा शून्यावर येऊ दिला आणि पुन्हा ठेवली. असं तीनदा. काट्याशेजारच्या डबीत लाल गुंजा होत्या, वडिलांच्या वेळच्या. लीलावतीच्या आरंभीच्या मापांत हीच गुंज आहे, दोन यवांची एक. भाचीने एक गुंज तळहातावर घेतली आणि काट्यावर ठेवायला मागितली.

काकांनी पुन्हा दारं लावली. आम्ही तिघंही त्या शेवटच्या आकड्याकडे बघत उभे राहिलो.

"अजून एकदा ठेवता का, काका?" ती म्हणाली.

त्यांनी ठेवली.